जरा कळ काढा

मित्रांनो, मी एक जुना दाबकाटा आहे. पोलादपूरच्या एका दवाखान्यात, काचेच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. 'दाबकाटा' हे नाव मला इथल्या लोकांनी दिलं. माझं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, ते मला स्वतःलाही कधी नीट उच्चारता आलं नाही.

गिरगावातल्या एका कारागिरानं मला घडवलं. पितळेची नळी, आत स्प्रिंग, एका बाजूला सुपारीएवढं गोल टोक आणि दुसऱ्या बाजूला शून्य ते वीस आकड्यांची तबकडी. टोक अंगावर ठेवून दाबलं की काटा चढायचा. माणूस 'पुरे' म्हणाला की तिथला आकडा वहीत लिहायचा. मी माणसाचं दुखणं मोजत असे! शेजारच्या थर्मामीटरकडे तर मी तेव्हा बघतही नव्हतो.

१९५८ साली सबनीस डॉक्टर मला इथे घेऊन आले. माणसाचा स्वभाव आणि त्याला होणारी वेदना यांचा काही संबंध आहे का, हे त्यांना शोधायचं होतं. सकाळी ते रोगी तपासत आणि दुपारी ओटीवर संशोधनाला बसत. आधी छापील कागदावरचे प्रश्न, मग मी. डॉक्टर मनानं चांगले होते, पण सदा घाईत असत.

मला मात्र कोणी आपलं मानलं नाही. मला पाहिलं की माणसं अंग चोरत, बायका तोंड फिरवत. काम झालं की स्पिरिटचा बोळा फिरवून मला पेटीत ठेवत. रोज इतक्या माणसांना टेकत होतो, तरी मी एकटाच होतो.

एका दुपारी डोंगरावरच्या वाडीतून गोदूबाई आली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. तीन आठवड्यांपूर्वी लाकडाची मोळी घेऊन उतरताना ती घसरली होती आणि नडगीवरची सूज काही उतरत नव्हती. डॉक्टरांनी मनाशी ठरवलं, दहाच्या आत 'पुरे' म्हणाली तर हाडाला इजा आहे, मुंबईला फोटो काढायला चिठ्ठी द्यायची. नाहीतर घरी.

आधी प्रश्न झाले. तुम्हाला एकटं राहायला आवडतं का, असं कागदावर होतं.

"आवडीचं काय त्यात? ऱ्हावं लागतं," गोदूबाई म्हणाली. कागदावर 'होय' आणि 'नाही' अशा दोनच चौकटी होत्या. डॉक्टरांनी 'होय'वर खूण केली.

मग तिची नजर माझ्याकडे गेली. तिनं मला उचललं, "लय गार हाय हे," म्हणाली आणि माझं टोक मुठीत धरून बसली. मित्रांनो, मला कोणी ऊब दिल्याची ती पहिलीच वेळ होती.

दुखलं की पुरे म्हणा, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं. मग मला नडगीवर टेकवता टेकवता ते सवयीनं म्हणाले, "हं, जरा कळ काढा."

त्यांना म्हणायचं होतं, जरा थांबा. गोदूबाईला मात्र कळ काढायची म्हणजे सोसायचं, एवढंच माहीत. डॉक्टर सोसायला सांगतायत तर सोसलंच पाहिजे. काटा पाचावर गेला, दहावर गेला. डॉक्टरांची नजर तबकडीवर होती, तिनं पदर दातांत धरला होता. मला सगळं समजत होतं, पण मला वाचा नव्हती. काटा विसावर जाऊन अडला, तरी तिनं 'पुरे' म्हटलं नाही.

"मुका मार आहे, शेकत जा," डॉक्टर म्हणाले. वहीत त्यांनी लिहिलं, 'अतिशय सोशिक. वेदना अल्प.' ती तशीच डोंगर चढून गेली.

दोन महिन्यांनी तिची जाऊ राहीबाई एकटीच खाली आली. गोदूबाईचं हाड वाकडं सांधलं होतं, तिला अंगणही ओलांडवत नव्हतं. डॉक्टर चिडलेच. त्या दिवशी ती बोलली का नाही, असं त्यांनी विचारलं.

"तुमीच बोललात ना, कळ काढा," राहीबाई म्हणाली. "तिनं काढली."

डॉक्टर खाली बसले. त्यांनी वही उघडली आणि पान पान उलटत गेले. जवळजवळ प्रत्येक नावापुढे 'सोशिक' लिहिलं होतं, आणि प्रत्येकाला ते तेच तीन शब्द बोलले होते. त्यांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी स्वतः वाडीवर जाऊन, गोदूबाईला डोलीतून खाली आणून त्यांनी मुंबईला पाठवलं. पाय वाचला, पण लंगडणं गेलं नाही. संशोधन तिथेच थांबलं. पुढे डॉक्टर बदलीवर गेले, तेव्हा मला इथेच विसरले.

वर्षभरानं गोदूबाई काठी टेकत दवाखान्यात आली. तिनं मला नव्या नर्सबाईंकडून मागून घेतलं, मुठीत धरून गरम केलं आणि स्वतःच नडगीवर टेकवून हलकेच दाबलं. काटा तिनावर आला.

"दुखतं," ती मोठ्यानं म्हणाली. नर्सबाई हातातलं काम टाकून तिच्यापाशी येऊन बसल्या.

त्यानंतर मला कोणी हात लावलेला नाही. स्प्रिंग गंजली, टोक पुन्हा गार पडलं. तुम्ही माझ्याकडे आला नाहीत तरी चालेल. पण घरात कोणी पाय धरून बसलं असेल आणि विचारल्यावर 'नाय दुखत' म्हणालं, तर लगेच उठून जाऊ नका. थोडा वेळ तिथंच बसा.