थोंग सर आजारी नव्हते

“थोंग सर आजारी आहेत. सुट्टीनंतर खेळाचा तास होणार नाही. गणिताच्या वह्या काढून ठेवा,” लुआन बाई म्हणाल्या आणि सुट्टीची घंटा झाली.

पाचवीच्या चाळीस मुलांनी निमूट वह्या काढल्या. तीन आठवडे हेच चाललं होतं.

आणि थोंग सर कुठे होते? तळमजल्यावर खेळाच्या सामानाच्या खोलीत, खोली गरम ठेवणाऱ्या वाफेच्या नळीला पाठ लावून, कोबीचे डम्पलिंग खात बसले होते! माणूस असा दणकट, की गोठलेल्या नदीला भोक पाडून त्यात पोहतो. साधी सर्दी त्याला ठाऊक नाही. पण आमच्या या बर्फाळ उत्तरेकडे सत्रपरीक्षा जवळ आली, की खेळाचे शिक्षक पटापट आजारी पडतात. साथच येते म्हणा ना! आजार गणिताच्या बाईंनी जाहीर करायचा आणि रोग्यानं खोलीत लपून बसायचं. हा निर्लज्जपणा आमच्या इतका अंगवळणी पडलाय, की आम्ही त्यावर विनोदही करतो.

खुआंग काका दार ढकलून आत आले. शाळेचे म्हातारे शिपाई. मुलांना स्केटिंग करता यावं म्हणून मैदानावर बर्फ धरायचं काम त्यांचं. पहाटे चारला उठायचं, पाइपानं पाण्याचा पातळ थर द्यायचा, तो गोठला की दुसरा. एकदम पाणी सोडलं तर बर्फ तडकतो.

“ऊठ, रोग्या!” त्यांनी थोंगच्या बाहीला धरून त्याला मैदानावर ओढत नेलं. “बघ. एक तरी ओरखडा दिसतोय?”

बर्फ नव्या काचेसारखा चकचकीत होता.

“तीन आठवड्यांत एक स्केट लागलेला नाही त्याला. बाकीचे वर्गही बंद खिडकीतून बघतात. हेडसर म्हणतात, कुणी वापरत नाही, सोमवारपासून पाणी बंद. पुढच्या वर्षीही नाही. मग मी कुणासाठी बोटं गोठवून घेतली रे?”

“लुआन बाई ऐकत नाहीत हो, काका.”

“ती ऐकत नाही, आणि तू बरा ऐकतोस! नदीत उतरताना छाती काढतोस अन् एका बाईपुढे शेपूट घालतोस? तिसऱ्या मजल्यावर चढताना ती पोरं माझ्यापेक्षा जास्त धापा टाकतात. दहा वर्षांची पोरं!”

तेवढ्यात पाचवीच्या वर्गातली रुईछी धापा टाकत बाहेर आली. हातात पिशवी. सरांना दोन पायांवर उभं पाहून ती थबकलीच.

“सर, बरे झालात? मी हे काकांकडे द्यायला आले होते, तुमच्या घरी पोचवा म्हणून.” पिशवीत गोठवून काळे पडलेले पेअर होते. “सगळ्यांनी घरून आणलेत. गार पाण्यात मऊ करून चोखा. आजी म्हणते, खोकला पळतो.” मग ती हळूच म्हणाली, “सर, आम्ही फार दंगा केला म्हणून आजारी पडलात का?”

थोंगची मान खाली गेली. त्याने पिशवी उचलली आणि सुट्टी संपल्याची घंटा होत असतानाच दोन-दोन पायऱ्या गाळत तो वर्गात शिरला.

“मुलांनो, मी आजारी नाही. एक दिवसही नव्हतो! खोटं ऐकून गप्प बसलो, ही माझी चूक.”

“पोरांसमोर माझी शोभा करताय?” लुआन बाई कडाडल्या. “परीक्षा दहा दिवसांवर आली! आणि कुणाचा हात मोडला तर पालक कुणाच्या नावानं ओरडतील? तुमच्या?”

“ओरडू देत!” मागून आलेले खुआंग काका गरजले. बाई याच शाळेत शिकलेल्या, म्हणून त्यांनी लहानपणीच्या नावानंच हाक मारली. “यिंग, याच बर्फावर अकरा वर्षांची असताना तू दात पाडून घेतलास. रडलीस, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी मैदानात हजर! त्या साली गणितात पहिली कोण आली गं? पोरगं पडलं तर उठायला शिकतं. बसवून ठेवलेलं पोर काय शिकतं?”

बाईंची जीभ नकळत पुढच्या खोट्या दाताकडे गेली.

“बाई,” रुईछीने विचारलं, “मग सर आजारी आहेत असं तुम्ही रोज का सांगायचात?”

चाळीस चेहरे उत्तराची वाट बघत होते. बाईंनी पेअरच्या पिशवीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

“मी खोटं बोलले,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं. वह्या आत ठेवा! टोप्या घाला, स्केट्स घ्या!”

काय ती आरोळी उठली! दहा मिनिटांत मैदानावर पोरं पडत होती, उठत होती, एकमेकांना ओढत होती. बाईही उतरल्या आणि तिसऱ्याच पावलाला आपटल्या. हेडसर खिडकीशी येऊन उभे राहिले. पुढे सोमवारी त्यांनी पाणी काही बंद केलं नाही. त्या दिवशी तास संपला तेव्हा बर्फ पार खरवडून निघाला होता.

खुआंग काका तो ओरखडलेला बर्फ डोळे भरून बघत राहिले. “आता उद्या पहाटे काम आहे मला,” ते म्हणाले.

लोकहो, मुलांचा खेळाचा तास चोरणं हीसुद्धा चोरीच आहे, आणि आपण गप्प बसतो म्हणून ती होते. मार्क पुन्हा मिळवता येतात. बालपणीचा हिवाळा परत येत नाही. तुमच्या पोराच्या शाळेचं मैदान एकदा जाऊन बघा. ते गुळगुळीत, चकचकीत दिसलं तर खुश होऊ नका. आत जा आणि जाब विचारा!