ह्या आळीत धनमाया नाही

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार येणार म्हणून मालोजी ठोंबरे सकाळपासून गावाच्या फाट्यावर उभा होता. हवालदार दिसला की त्याला तिथंच गाठायचं, चहा पाजायचा, कागद दाखवायचे आणि आळीत पाऊल टाकू न देता परत पाठवायचं, असा त्याचा बेत. आदल्या दिवशी फोनवर त्याने विनवून पाहिलं होतं, "साहेब, मीच बायकोला घेऊन कर्जतला ठाण्यात येतो." हवालदार म्हणाला, "घर बघावं लागतं काका, शेजाऱ्यांना विचारावं लागतं. तुम्ही घरीच थांबा."

शेजाऱ्यांना विचारणार, ह्याचीच तर मालोजीला धास्ती होती.

गोष्ट तीस वर्षांमागची. मालोजी तेव्हा खोपोलीला एका कागद कारखान्यात नुकताच लागला होता. गेटवर थापा नावाचा नेपाळी पहारेकरी असायचा. त्याची मुलगी धनमाया. नऊ वर्षांची असताना नेपाळातून आलेली, खोपोलीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, बोलायला लागली तर तिथलीच वाटावी अशी. दोघांचं जमलं. तिच्या बापाने हो म्हटलं, खोपोलीतच कागदोपत्री लग्न झालं आणि थापा नोकरी सोडून बायकोला घेऊन आपल्या मुलखात परत गेला.

बायकोला कडावजवळ आपल्या गावी आणताना मात्र मालोजी घाबरला. पहारेकऱ्याची पोर, त्यात परदेशची. आई काय म्हणेल, भावकी काय म्हणेल? एसटीत बसल्या बसल्या त्याने तिला सांगितलं, "तू नगरकडची. आईबाप नाहीत, मामानं वाढवली. नाव जयवंता."

ती वीस वर्षांची होती. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बरं."

त्या एका 'बरं'वर तीस वर्षं निघाली. रेशनकार्डावर जयवंता, बँकेत जयवंता, आधारवर जयवंता. फक्त मतदानाला ती जायची नाही. निवडणूक आली की मालोजी सगळ्यांना सांगायचा, तिचं डोकं दुखतंय. लबाडीला आपण एक हद्द ठेवली आहे, ह्याचं त्याला मनातून बरंच समाधान होतं.

त्यांची एकुलती मुलगी सुरभी कॉलेजात गेल्यावर आईनेच तिला खरं सांगितलं. पुढे सुरभीचं लग्न झालं, नवऱ्याबरोबर ती मस्कतला गेली, पण जाताना बापाला बजावून गेली, "बाबा, आईचे कागद सरळ करा. उद्या कोणी विचारलं तर ती कुठली म्हणून सांगणार तुम्ही?" मग अर्ज झाला, चकरा झाल्या, दोन वर्षं गेली. चौकशीच्या साहेबांनी दोघांना कचेरीतच बोलावून घेतलं, त्यामुळे गावात कुणाला सुगावा लागला नाही. शेवटी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं. नाव, धनमाया मालोजी ठोंबरे. तिने ते उभ्याउभ्या तीनदा वाचलं.

तेवढ्यात सुरभीला दिवस गेले. बाळंतपणाला आई हवी होती, आईला पासपोर्ट हवा होता. ठाणे शहरातल्या पासपोर्ट केंद्रात खिडकीतल्या मुलीने कागद खालीवर करून पाहिले. "काका, प्रमाणपत्रावर धनमाया, बाकी सगळीकडे जयवंता. ह्या दोघी एकच कशावरून?"

मालोजीने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी बायकोच बोलली. "मीच हाय बाय, दोगी."

मुलगी हसली. म्हणाली, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या. पासपोर्ट प्रमाणपत्रावरच्या नावानं निघेल, बाकीचं पोलीस गावात विचारून घेतील.

आणि आता मालोजी फाट्यावर उभा होता आणि हवालदार वैजनाथ गावाच्या बाजूने आडवाटेने मोटारसायकल घालून थेट आळीत शिरला होता. कुणीतरी सांगितलं तसा मालोजी धावत सुटला. पोचला तेव्हा दारापुढे भात वाळत पडलं होतं आणि त्याच्याभोवती पाचसहा माणसं जमली होती. शेजारची सोनुबाई, तिचा मुलगा प्रवीण, आणखी दोघी-तिघी बायका. सोनुबाई मालोजीच्या चुलतभावाची बायको, नात्याने वहिनी.

"धनमाया?" सोनुबाई हवालदाराला सांगत होती. "ह्या आळीत धनमाया नाय कोनी. ठोंबऱ्यांची आळी हीच, पन मालोजीची बायको जयवंता हाय. तुमी गाव चुकलाव."

हवालदाराने मालोजीला बघून हाक मारली. "काका, काल तुम्हीच बोललात ना फोनवर? तुमच्या घरात धनमाया कोण?"

सगळ्यांच्या माना मालोजीकडे वळल्या. तो धापा टाकत होता. एवढं म्हणायचं होतं, माझी बायको. दोन शब्द. त्याने सोनुबाईकडे पाहिलं, प्रवीणकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "कायतरी चूक झाली असंल साहेब. माझी बायको जयवंता."

दारात ती उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता, हवालदारासाठी आणलेला. तिने तो उंबऱ्याजवळ ठेवला आणि आत गेली.

मालोजीने हवालदाराला गोठ्यामागे नेऊन सगळं सांगितलं, कागद काढून दाखवले. हवालदार वयाने लहान होता, पण त्याला राग आला. "फोटो आहे माझ्याकडे, दारातल्या बाई त्याच, हे मला दिसतंय. पण शेजारी नाही म्हणतात, नवरा चारचौघांत नाही म्हणतो आणि इकडे येऊन हो म्हणतो. मी काय लिहू? जे ऐकलं तेच लिहीन."

त्याने तेच लिहिलं. पंधरा दिवसांत कळवलं गेलं की अर्जदाराची ओळख पटली नाही.

त्या पंधरा दिवसांत तिने मालोजीला एका शब्दाने टोकलं नाही. भाकरी वेळेवर समोर यायची. सुरभीचा फोन आला की ती हसून बोलायची. पत्र आल्यावर मात्र तिने विचारलं, "पोरीला काय सांगू? तुज्या बापाला मी वळखू नाय आली म्हनू?"

मालोजीने कागदांची पिशवी उचलली. मग चपला घातल्या आणि कर्जतला गेला. ठाण्यात तोच हवालदार भेटला. मालोजीने हात जोडले. हवालदार म्हणाला, "हात नका जोडू काका. चौकशी परत मागता येते. पण ह्या खेपेला मला शेजारचे दोघं पाहिजेत. त्यांना सगळं ठाऊक असलं पाहिजे, आणि सह्या त्यांच्या."

कर्जतहून परत येताना मालोजी टेंपोतून एक थांबा आधीच उतरला आणि चालत गेला. तेवढीच वेळ लांबली. सोनुबाई ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होती. प्रवीण दुधाच्या किटल्या धूत होता. मालोजी ओट्याच्या कडेला बसला आणि कुठूनही सुरुवात जमेना, म्हणून शेवटापासून सांगितलं. हवालदार बरोबर होता. धनमाया म्हणजे तीच. नेपाळची. नगर खोटं, मामा खोटा, जयवंता हे नाव मी ठेवलेलं.

प्रवीण किटली हातात धरून तसाच राहिला. सोनुबाईने शेंगा सोलायच्या थांबवल्या.

"मंजे तिला आईबाप व्हते?"

"होते. बाप आधी गेला. आई नंतर."

"कदी?"

मालोजीला वर्ष आठवत होतं, पण सांगवेना. "सुरभी सातवीत होती. लावणीचे दिवस होते. फोन आला होता तिकडून."

सोनुबाई हिशेब लावत राहिली. मग तिचा चेहरा बदलला. "भावजी, त्या वर्साला माज्या वावरात लावनी व्हती. जयवंता आली व्हती. गप गप व्हती, म्हनून आमी तिला चिडवलं. नवऱ्याशी भांडलीस का गं, म्हनलं. मीच तिला गानं म्हनाया लावलं. आन ती म्हनली." तिने हातातली शेंग सुपात टाकली. "आय मेलेली बाई माज्या बांधावर गानं म्हनत व्हती, आन तुमी तिला घरात बसून रडूबी दिलं नाय?"

मालोजीला आठवलं. त्या सकाळी तो बायकोला म्हणाला होता, आज गेली नाहीस तर लोक विचारतील.

आईबाप नाहीत असं ज्या बाईचं सांगितलंय, ती कुणासाठी रडणार? तेव्हा हे त्याला अगदी रास्त वाटलं होतं.

"सही करतीस का वहिनी?" त्याने विचारलं.

"करीन. तुमच्यासाटी नाय. तिच्यासाटी." असं म्हणून सोनुबाई उठली आणि शेंगांचं सूप तिथंच टाकून शेजारच्या घरात शिरली.

मालोजी मागोमाग गेला, पण आपल्याच दाराशी थबकला. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. सोनुबाई विचारत होती, "तुज्या आयचं नाव काय व्हतं गं?"

"पवित्रा." मग ती बोलायला लागली. आईच्या हातच्या कोदोच्या म्हणजे नाचणीच्या भाकरी, घरामागचं संत्र्याचं झाड, खोपोलीच्या पत्र्याच्या खोलीत आईला कधी झोप न लागणं. मधेच रडत होती, मधेच दोघी हसत होत्या. पवित्रा हे नाव मालोजीने फक्त अर्जाच्या रकान्यात वाचलं होतं. बाकीचं तर पहिल्यांदाच कानावर येत होतं. तो बाहेर भाताजवळ उकिडवा बसून राहिला. आत ये, असं त्याला कुणी म्हटलं नाही आणि आपण होऊन जायची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या चौकशीला सोनुबाईने आणि प्रवीणने सह्या केल्या. गावात व्हायची ती चर्चा आठवडाभर झाली. मालोजी ज्या भावकीला तीस वर्षं भीत होता त्यातल्या बहुतेकांनी तिच्याबद्दल काहीच वावगं काढलं नाही. जे काय काढलं ते त्याच्याबद्दल.

पासपोर्ट पोस्टाने आला तेव्हा सुरभीचा मुलगा बावीस दिवसांचा झाला होता. परक्या मुलखात पोरीने एकटीने निभावलं होतं. ते बावीस दिवस मालोजीच्या त्या एका वाक्याने खाल्ले होते, आणि हे घरात तिघांनाही माहीत होतं.

जायच्या दिवशी बायको बॅगेत डिंकाचे लाडू भरत होती. मालोजी चाचरत म्हणाला, "धनमाया, पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेव."

तिचे हात थांबले. रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "तुमी जयवंताच म्हना. तुमच्या तोंडी त्येच बसलंय. ते नाव माज्या आयनं हाक मारायचं हाय, ते ऱ्हाऊ द्या माज्यापाशी."

ती तीन महिन्यांसाठी गेली. विमानतळावर सोडायला सोनुबाईही आली होती आणि आत जाताना ती आधी सोनुबाईच्या गळ्यात पडली. मालोजीला म्हणाली, "जेवत जावा येळेवर."

आता वाटेत कुणी विचारतं, जयवंता कुठं दिसत नाही. मालोजी थांबतो आणि सांगतो. ती मस्कतला गेलीय, नातू झालाय, तिच्या पासपोर्टवर धनमाया नाव आहे, ती मूळची नेपाळची, आणि गावापासून मी हे लपवलं. यातलं शेवटचं वाक्य तो गाळत नाही. मात्र ते बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणं त्याला अजून जमलेलं नाही.