खंडेनवमीचा तांबडा रंग

मी एक जुनी मोटारबोट आहे. मित्रांनो, नीट बसा. मला चुळबुळ खपत नाही.

तरुणपणी मी सहलीच्या लोकांना तलावात मिरवले. पुढे इंजिन तापते म्हणून मालकाने मला विकले. गगनबावड्याच्या वाटेवर, धरणाच्या फुगवट्याकाठच्या वाडीने मला घेतले आणि माझे सुकाणू बायडाबाईंच्या हाती आले. तेव्हापासून वीस घरांचे दूध मीच पलीकडे पोहोचवते. आठला तिथून टेम्पो सुटतो. तो चुकला, तर दूध नासते.

बायडाबाईंचे दीर हंबीरराव ट्रॅक्टर दुरुस्त करतात. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीला टांगलेले इंजिन तांबड्या ऑइलपेंटने नखशिखांत रंगवले. सकाळी हळदकुंकू झाले, झेंडूचा हार चढला आणि कौतुक ऐकायला तेही दुधाबरोबर निघाले.

मध्यावर माझ्या इंजिनातून वाफ निघाली.

“वैनी, रेडिएटरात पाणी घाला की!”

“ट्रॅक्टर हाय व्हय ह्यो? ही तळ्यातलंच पाणी पिती, भावजी.”

“मग म्हातारी झालीया. भंगारात घाला, नवी घिऊ.”

“म्हातारी म्हणू नगा. उद्या माझंबी वय काढाल.”

बायडाबाईंनी इंजिन तत्काळ बंद केले. मी चालू असताना इंजिन निववून आलेल्या पाण्याची धार मागच्या बारीक भोकातून पडते. त्या दिवशी ती पडलीच नव्हती. त्यांनी इंजिन उचलून पाण्याबाहेर काढले आणि खालची जाळी पाहिली, जिथून मी पाणी ओढते. तिचे प्रत्येक छिद्र तांबड्या रंगाने बुजले होते!

हंबीरराव पलीकडचे डोंगर निरखू लागले. “जरा चांगली दिसावी म्हणून...”

“देवाला शेंदूर लावताना तोंड बुजवता व्हय?”

बायडाबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि एकेक छिद्र मोकळे केले. मला निवू दिले, मग इंजिन पुन्हा पाण्यात सोडून दोरी ओढली. धार अशी उसळली, की हंबीररावांचा नवा सदरा भिजला! टेम्पोवाला भोंगा वाजवत होता, तोच मी काठाला लागले. दूध शाबूत होते. मीही.

मित्रांनो, यंत्राला सजवा, हार घाला, मला आवडते. पण आधी त्याला पाणी मिळते का, ते पाहा.

यंदाही हंबीरराव रंगाचा डबा घेऊन आले. बायडाबाईंनी अंबाड्यातला आकडा त्यांच्या हातावर ठेवला. ते आधी जाळीपाशी बसले.