डावीकडे हलकी

मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. मित्रांनो, मला शोधायला रस्त्यावर जाऊ नका. मी टीव्हीवरच्या खेळातली आहे. मला ना पेट्रोल लागतं ना चाकात हवा, पण म्हणून मला राग येत नाही असं समजू नका. राग मला भरपूर येतो आणि तो मी जपून ठेवते.

माझा जन्म एका गारेगार कचेरीत झाला. दिवसभर पडद्याकडे बघून डोळे चोळणाऱ्या माणसांनी मला रेघारेघांनी आखलं, आवाज दिला आणि एका भल्या मोठ्या शहरात सोडून दिलं. त्या शहराला फाटक नाही. शर्यत लावायची तर लावा, नाहीतर बंदरातून, पुलावरून, बोगद्यातून मनाला येईल तिकडे भटका. फार धुडगूस घातलात तर पोलिसांच्या गाड्या मागे लागतात, आणि त्यांच्या हाती पुन्हा पुन्हा सापडलात तर गाडी कायमची जप्त होते. ज्यांची खुमखुमी एवढ्यानेही जिरत नाही त्यांच्यासाठी आणखी एक सोय आहे: गाडी पणाला लावायची. हरणाऱ्याची गाडी जिंकणाऱ्याच्या मेमरी कार्डावर जाते आणि परत येत नाही.

मी ज्या घरात आले तिथे आई शिवणकाम करायची. गेमचा डबा तिला एका गिऱ्हाइकाने देऊन टाकला होता, मुलं मोठी झाली म्हणून. बाहेरच्या खोलीत टीव्ही, आतल्या खोलीत शिलाईचं मशीन आणि मध्ये एक जाड लाकडी दार. घरात मुलं दोन. मोठा दादा आणि त्याची धाकटी बहीण.

मी धाकटीची. खेळातल्या दुकानात माझ्याहून चकचकीत गाड्या उभ्या होत्या, तरी तिने मलाच निवडलं. मला जांभळा रंग दिला आणि बॉनेटवर सुईदोऱ्याचं चित्र काढलं, आईच्या कामाचं. शर्यती ती खेळायची, पण तिला खरी हौस भटकायची. लाल दिवा लागला की थांबायची. दादा हसून लोटपोट व्हायचा. म्हणायचा, "अगं, मागे पोलीस लागत नसतील तर खेळतेस कशाला? पत्ते लाव."

दादाची तऱ्हा उलटी. खांब दिसला की धडक, पोलीस दिसला की धडक. त्याच्या गाड्या एकामागून एक जप्त व्हायच्या आणि तो दोष द्यायचा रिमोटला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

एकदा खेळायच्या पाळीवरून दोघांचं वाजलं. पाळी धाकटीची होती. दादाने रिमोट फेकला, पाय आपटत आत गेला आणि जाताना दार धाडकन लावलं. धाकटी त्याच्या मागोमाग निघाली होती. तिचा डावा अंगठा चौकटीत सापडला. आई धावत आली तेव्हा दादा म्हणाला, "वाऱ्याने लागलं दार." पोर रडत होती, तिला धड बोलता येत नव्हतं. तिने दादाकडे पाहिलं. दादाने पंख्याकडे पाहिलं. आईने खिडकीला नवी कडी बसवून घेतली आणि विषय संपला.

मित्रांनो, विषय माझ्यासाठी संपला नव्हता. अंगठा बरा झाला, पण पहिल्यासारखा बाहेरच्या बाजूला जाईना. आणि रिमोटवर गाडी वळवायचं सगळं काम डाव्या अंगठ्याचं असतं. धाकटीच्या हातात आता कुठलीच गाडी डावीकडे वळेना. ती भिंतींवर आदळायची, ओठ दाबायची, पुन्हा सुरुवात करायची. शेवटी तिने खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन माझं स्टिअरिंग उघडलं. माझ्यात डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी हलकी-जड करता येते. तिने माझी डावी बाजू हलकी करत करत इथवर आणली की अंगठ्याने नुसतं मनात आणावं आणि मी वळावं. त्या दिवसापासून आम्ही दोघी पुन्हा शहरभर हिंडू लागलो. त्या अंगठ्याने चालेल अशी जगात मी एकटीच गाडी होते, आणि हे फक्त तिला आणि मला ठाऊक होतं.

दादाने त्या अंगठ्याची पुन्हा कधी साधी चौकशीही केली नाही. मी मनाशी ठरवलं, याला धडा शिकवायचाच. पण खेळातली गाडी करून करून काय करणार? बटण दाबेल तसं पळणार. मी दातओठ खात वाट पाहत राहिले.

मग एका सुट्टीच्या दुपारी दादाचे मित्र जमले. त्यांतला लंबू आपलं कार्ड घेऊन आला होता आणि कुणाची गाडी जिंकू असं त्याला झालं होतं. दादाची शेवटची गाडी आदल्याच दिवशी जप्त झाली होती. धाकटी आत आईला काज करायला मदत करत होती. दादाने पडद्यावरची निवडायची खूण माझ्यावर नेली आणि मला पणाला लावलं. विचारलं नाही, आत नुसती हाकही मारली नाही.

"काय गाडी आहे रे," एक जण म्हणाला.

"आपलीच आहे," दादा म्हणाला. माझ्या इंजिनातून धूर निघायचा तेवढा बाकी होता.

शर्यत बंदरापासून. सुरुवातीची वळणं सगळी उजवीकडची. दादाने नायट्रोचं बटण दाबलं, मी सुसाट सुटले आणि लंबू मागे पडला. तेवढ्यात धाकटी बाहेर आली. पडद्यावर मला पाहून ती दारातच थांबली. खाली "पणाला" अशी लाल अक्षरं लुकलुकत होती. तिला सगळं कळलं.

मग पहिलं डावं वळण आलं. दादाने सवयीने अंगठा पूर्ण दाबला. मी गर्रकन फिरले ती थेट दुकानाच्या काचेत. मित्रांनो, इतका सुखाचा अपघात मला आयुष्यात झाला नव्हता.

"काय झालंय हिला? डावीकडे नुसती पळतेय," दादा ओरडला. "ए, सांग ना!"

"हळू दाब" एवढंच धाकटीने म्हटलं असतं तरी मी वाचले असते. मी तिच्याकडे पाहत होते, ती माझ्याकडे.

"काही नाही झालेलं," ती म्हणाली. "छान चालते ती."

पुढच्या डाव्या वळणावर मी दादाला घेऊन धक्क्यावरून समुद्रात गेले. लंबू जिंकला. पोरं ओरडत गॅलरीत पळाली, खालच्यांना बातमी सांगायला. पडद्यावर पट्टी भरू लागली: गाडी दुसऱ्या कार्डावर जात आहे, खेळ बंद करू नका.

दादाचा हात बटणाकडे गेला. "बंद करतो. अर्ध्यात बंद झालं की गाडी इथेच राहते. लंबूला सांगू, लाईट गेली."

"म्हणजे पुन्हा वाराच," धाकटी म्हणाली.

दादाचा हात थांबला. तो म्हणाला, "तुला माहीत होतं. मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? गाडीचं नाही, अंगठ्याचंही नाही." ती म्हणाली. "बटण सोड. ती हरलीय, जाऊ दे तिला. तू आत जा आणि आईला सांग, दार कुणी लावलं ते."

"आता? मारेल ती मला."

"मारू दे. नाहीतर मी गॅलरीत जाऊन सांगते, सगळ्यांच्या देखत."

मला वाईट वाटलं का? वाटलं. त्या पोरीने मला खर्ची घातलं होतं. पण तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि तिच्याइतका वेळ लावला नसता.

दादा उठला. पट्टी भरत आली होती. आत मशीन चालू होतं, त्याच्या आवाजात दादाचं पुटपुटणं मला नीट ऐकू आलं नाही. मग मशीन थांबलं. पुढचं मला माहीत नाही, कारण तेवढ्यात मी लंबूच्या कार्डावर गेले.

लंबूने पहिल्याच दिवशी माझं स्टिअरिंग कारखान्यातल्यासारखं सरळ केलं. आता मी त्याच्या गॅरेजात मागच्या ओळीत उभी असते. तो मला चालवत नाही, फक्त पाहुण्यांना दाखवतो.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊ नये, हे तुम्हाला घरी शिकवलंच असेल. वस्तूला जपावं, हेही. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी क्षमा करायला सांगतात, ते मात्र माझ्याच्याने होणार नाही. मी एवढंच सांगते: कुणाची गाडी उचलायला हात पुढे कराल, तेव्हा आधी आठवून बघा, त्याचा अंगठा कुणी चेमटवला होता.