मनुका कुठून आल्या?

दारूच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वकील, दंतवैद्य, निवृत्त साहेब आणि त्यांच्या मंडळी, सगळे हातात निमुळत्या तोंडाचे ग्लास धरून एकाच माणसाच्या नाकाकडे बघत होते. त्या माणसाला नाकराज म्हणत. हे नाव लोकांनी दिलं की त्याने स्वतःच घेतलं, कोण जाणे. व्हिजिटिंग कार्डावर मात्र ठळक छापलेलं होतं.

"डोळे मिटा," नाकराज म्हणाले. "ही सिंगल माल्ट व्हिस्की वर्षानुवर्षं साध्या ओकच्या पिपात झोपली होती. मग तिला शेरीच्या पिपात ठेवलं. शेरी म्हणजे द्राक्षांची वजनदार वाइन! शेरी गेली, पण तिचा आत्मा लाकडात राहिला. मर्यादित आवृत्ती आहे, मोजक्याच बाटल्या निघाल्यात. आता येतील मनुका… मग संत्र्याची साल… आणि शेवटी सुकं अंजीर. आलं का?"

"आलं, आलं!" हॉल एकमुखाने म्हणाला. एका साहेबांना तर ग्लास भरायच्या आधीच आलं होतं.

मागच्या रांगेत शाळेतल्या विज्ञानाच्या बाई बसल्या होत्या. त्यांनीही ग्लास हुंगला. मनुकांचा वास होता खरा. मसाल्याचा लाकडी डबा कितीही धुतला तरी मसाल्याचा वास सोडत नाही, तसंच हेही. व्हिस्की चांगलीच होती. बाईंना संशय होता तो पुढच्या कार्यक्रमाचा.

"आणि आता, पुनर्जन्म पावलेलं नाक!" नाकराजांनी हाक दिली, तसा बाईंचा सख्खा थोरला भाऊ लाजत, हसत उठला.

दादाची बेकरी होती. मागच्या वर्षी तापात त्याला वास येणं बंद झालं ते झालंच. पाव भाजल्याचा वास ज्याला येत नाही तो कसला बेकरीवाला, म्हणून तो आतून खचला होता. डॉक्टर म्हणाले होते, "लिंबू, लवंग, गुलाब यांचे अर्क रोज हुंगत राहा. महिने लागतील. वास येईल कदाचित." या 'कदाचित'ला दादा कंटाळला. तेवढ्यात नाकराज भेटले, आणि शेरीचा आत्मा मेलेलं नाक उठवतो म्हणाले. दादाने पहिलाच घोट घेतला, त्याचं नाक झिणझिणलं, डोळे भरून आले. लिंबू-लवंगांच्या बाटल्या माळ्यावर गेल्या.

एवढ्याकडे बाईंनी कानाडोळाही केला असता. पण काल त्या बेकरीत गेल्या, तर ओव्हनशेजारच्या भिंतीवर नुसते खिळे. गॅस गळला की बोंब ठोकणारा भोंगा दादाने काढून ड्रॉवरमध्ये टाकला होता.

"आता माझं नाक आहे ना," तो म्हणाला होता.

वहिनीने त्यांना बाजूला नेलं. "वन्सं, परवा शेगडीचं बटण अर्धवट उघडं राहिलं होतं. मला दारातूनच वास आला. हे शेजारी उभे राहून पीठ मळत होते हो!"

आता दादाने ग्लास नाकाशी नेला. नाकराज त्याच्या कानाशी वाकले. "मनुका… संत्र्याची साल…"

"मनुका!" दादा उद्गारला. "संत्र्याची साल!" टाळ्या पडल्या. दुकानदार बाटल्यांचे खोके उघडू लागला.

बाई उठल्या. "नाकराज, तुम्ही दर वेळी वासाचं नाव आधी का सांगता हो?"

"नवख्या नाकाला बोट धरून न्यावं लागतं, ताई."

"मग आता नाक चालायला लागलंय ना? सोडा की बोट. दादा, पट्टी बांधते डोळ्यांना. चालेल?"

"बांध की!" दादा छाती फुगवून म्हणाला. "एकदाची शंका फिटू दे तुझी."

नाकराज मध्ये पडले. "अशाने वातावरण बिघडतं. श्रद्धा लागते…"

"वासाला श्रद्धा कशाला लागते?" दंतवैद्य म्हणाले. "होऊन जाऊ द्या."

बाईंनी पट्टी बांधली आणि पर्समधून कापसाचा बोळा काढून दादाच्या नाकासमोर धरला. दादाने श्वास ओढला, आणि त्याचा चेहरा उजळला. "हीच ती! मनुका… आणि मागून अंजीर!"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. इंजेक्शनआधी दंडाला चोळतात त्या स्पिरिटचा वास पहिल्या रांगेपर्यंत आला होता.

मग बाईंनी एक डबा उघडला. त्यात दादाच्याच बेकरीतली व्हॅनिलाची पूड होती. आयुष्यभर रोज सकाळी त्याने तीच केकमध्ये घातली होती. गोड वास हॉलभर पसरला. दादाने हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"रिकामा आहे हा," तो म्हणाला. "फसवतेस होय?"

दादाने स्वतःच पट्टी वर केली, डब्यात पाहिलं, आणि मटकन खाली बसला.

बाईंना रडू येत होतं, तरी त्या बोलल्या. "नाकात दोन वाटा असतात. एक वासाची, दुसरी झोंबण्याची. कांदा, मिरची, अमोनिया, दारू, ही झोंबतात, आणि ती वाट दादाची शाबूत आहे. झोंबलं की त्याला वाटतं वास आला. गोडी जिभेला कळली, रंग डोळ्यांना दिसला. मग मनुका कुठून आल्या? कानातून! यांनी सांगितल्या म्हणून आल्या. व्हॅनिला झोंबत नाही आणि नावही कुणी सांगितलं नाही, म्हणून डबा रिकामा."

"काही नाकांना जास्त घोट लागतात," नाकराज पुटपुटले. पण दुकानदार खोके मिटू लागला होता.

जिन्यात दादा चिडून म्हणाला, "चारचौघांत नाक कापलंस माझं."

"घरात सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? आणि दादा, त्या दिवशी वहिनी दारात नसती तर?"

दादा सरळ बेकरीत गेला, स्टुलावर चढला, आणि भोंगा खिळ्यांवर अडकवून वाजवून पाहिला. वहिनी दाराशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

सकाळी बाई गेल्या तेव्हा माळ्यावरच्या बाटल्या टेबलावर होत्या. दादा लवंग हुंगत होता.

"आला?" बाईंनी विचारलं.

त्याच्या ओठांवर 'हो' आलेलं त्यांनी पाहिलं. त्याने ते गिळलं.

"नाही आला," दादा म्हणाला.

बाबांनो, शहाणपण एवढ्यावरच उभं असतं. आलं तर आलं म्हणावं, नाही आलं तर नाही म्हणावं. मग शेजारी सारा हॉल टाळ्या वाजवत असला तरी. दादाने बूच लावलं आणि लिंबाची बाटली उघडली.