थोरला जबडा, धाकटा जबडा

संग्रहालयात नव्यानेच लागलेल्या पोरीला घरात सगळे मोजपट्टी म्हणत, आणि ती त्या नावाला इमानेइतबारे जागत होती. हाडं मोजायचा कॅलिपर तिच्या पिशवीत कायम असायचा.

सध्या तिचा जीव दोन जबड्यांत अडकला होता. दोन्ही म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वजांच्या जीवाश्मांवरून साच्यात ओतलेल्या प्रतिकृती. कपाटातला अख्खा, तपकिरी, तो थोरला. खालच्या खणात बेवारस पडलेला अर्धा, राखाडी, तो धाकटा. धाकट्याला ना चिठ्ठी, ना नंबर; मापं मात्र थोरल्याहून लहान. म्हणजे ही बुटक्या पूर्वजांची वेगळीच जात! उद्या सकाळी सगळ्या विभागापुढे ती हेच सांगणार होती. आयुष्यातलं पहिलं भाषण. तिचे आकडे पाहून विभागप्रमुख बाईंनी मान डोलावली होती, आणि आत्याने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

संध्याकाळी हात साफ करायला तिने बाबांचा जबडा मोजला, मग आत्याचा.

"अगं, गुदगुल्या होतात!"

"हलू नकोस ना, आत्या."

"तुझ्या पूर्वजांना म्हणे हनुवटीच नसते. दादाची सापडली का गं? नाहीतर त्यालाही ठेव तुझ्या कपाटात."

"तिचा जबडा नीट मोज," बाबा म्हणाले. "सगळ्यात जास्त वापर त्याचाच आहे."

आत्याचा जबडा बाबांपेक्षा रुंद निघाला, उंचीला कमी, लांबीला जवळपास तेवढाच. सख्खी भावंडं, पण फरकाचा काही मेळच नाही.

मोजपट्टीने जबड्यांच्या आकड्यांची वही पुन्हा उघडली. धाकटा थोरल्यापेक्षा सगळीकडे सारखाच लहान होता. दाढ घ्या, हाड घ्या, शंभराला चार कमी. निसर्ग इतका काटेकोर कधीपासून झाला?

सकाळी कुलूप उघडताच तिने दोन्ही जबडे खिडकीशी नेले. थोरल्याच्या दुसऱ्या दाढेमागे एक तिरपा टवका उडालेला होता. धाकट्याच्याही. तिथेच, तसाच. भाऊबिऊ कुणी नव्हतंच. जबडा एकच, आणि धाकटा ही प्रतिकृतीवरून काढलेली प्रतिकृती. दर ओतकामात माल थोडा आटतो, हे तिने परीक्षेत चांगलं पानभर लिहिलं होतं.

भाषणाला अर्धा तास होता. गप्प बसलं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ती बाईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"बाई, माझा पूर्वज आटलाय."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही टवक्यांवरून नख फिरवलं आणि खो खो हसत सुटल्या. "मीही आकडेच बघत बसले की गं! जबड्याकडे बघितलं कुणी?"

"मग भाषण रद्द?"

"छे! हेच सांग. निदान लोक जागे तरी राहतील."

लोक जागे राहिले. हसलेही. दोघं तर आपापल्या खणातले जबडे तपासायला मधूनच उठून गेले.

घरी आत्या दारातच उभी होती. "काय म्हणाली मंडळी?"

"आत्या, आपला एक पूर्वज कमी झाला."

"अगं बाई! आता शेजारी तोंड कसं दाखवू मी?"

"दाखव की," आतून बाबा म्हणाले. "रुंद आहे. लांबूनही दिसेल."