थोरला कॅमेरा, धाकटा कॅमेरा

प्रेमदासने दोन्ही कॅमेरे टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यासारखा समोर बसून राहिला. नांदेडच्या दुकानदाराने ओळखीखातर दोन्ही एका दिवसासाठी दिले होते. उद्या दुपारपर्यंत एक ठेवायचा, एक परत करायचा. साल २००९. त्याचा फोटो स्टुडिओ होता त्या वारंगा फाट्यावर फुल फ्रेम डिजिटल कॅमेरा अजून कुणी आणला नव्हता. आत जुन्या रोलवरच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर असतो, म्हणून अंधुक उजेडातही फ्लॅशशिवाय फोटो येतो, एवढं त्याने ऐकलं होतं.

कंपन्यांची नावं कशाला घ्या, उगाच भांडणं लागतात. घरात त्यांना थोरला आणि धाकटा म्हणू लागले. थोरला वजनाने दणदणीत, फोकस चुटकीसरशी बसणारा, आणि डोक्यावर टपकन उघडणारा छोटा फ्लॅश. धाकटा हलका, बिनफ्लॅशचा, पण मेगापिक्सेल एकवीस. थोरल्याचे बाराच.

"थोरलाच घ्या," पुजा म्हणाली. नवऱ्याच्या स्टुडिओतले सगळे अल्बम तीच कम्प्युटरवर बनवायची. "त्या धाकट्याचा एक फोटो उघडस्तोवर माझा च्या पिऊन होतो."

प्रेमदासच्या मनातही थोरलाच होता. पण आधी दोघांना एका परीक्षेला बसवायचं होतं, आणि ती परीक्षा म्हणजे त्याची आई, त्याची याडी, जमनाबाई.

त्यांच्या बंजारा तांड्यातल्या सुना-लेकींनी केव्हाच साड्या धरल्या होत्या. जमनाबाई मात्र अजून फेटिया हा घेरदार घागरा आणि आरसे जडवलेली कांचळी चोळी घालायची. फ्लॅश पडला की तो प्रत्येक आरशावरून उलट फिरायचा आणि फोटोत अंगभर पांढरे गोळे उमटायचे. चेहरा त्या गोळ्यांत कुठल्या कुठे हरवायचा. पंधरा वर्षांत तिचा एक धड फोटो निघाला नव्हता. अलीकडे तर ती कॅमेरा दिसला की पाठच फिरवायची. जिल्हाभरातल्या लोकांच्या आया त्याने देखण्या काढल्या, स्वतःचीच तेवढी राहिली. हे त्याला फार लागायचं.

त्याच संध्याकाळी तांड्यात तांड्याचा प्रमुख, नाईक उत्तमसिंग, याच्या मुलीचं लग्न होतं. प्रेमदास दोन कॅमेरे दोन खांद्यांना अडकवून गेला आणि फ्लॅशशिवाय फोटो काढू लागला. फोटो इतके स्वच्छ निघाले की त्याचं त्यालाच खरं वाटेना. पण नवरा-नवरीशेजारी उभी राहिलेली पाव्हणेमंडळी हलेनात. श्वास रोखून, छाती काढून उभीच.

"झाला काका, उतरा," प्रेमदास म्हणाला.

"उजेड कुठं पडला?" उत्तमसिंग गरजला. "आमाला येडं समजून राहिला का? रिकामा खटका दाबून राहिला अन् म्हणे झाला!"

समजावून उपयोग नव्हता. लखकन झालं नाही तर फोटो नाही, हा रोलच्या काळापासूनचा कायदा. शेवटी प्रेमदासने थोरल्याचा फ्लॅश उघडला, चमकवला, आणि मंडळी समाधानाने जेवायला गेली. थोरल्याचं पारडं आणखी जड झालं.

दिवस बुडता बुडता जमनाबाई मांडवामागे लिंबाखाली एकटीच बसली होती. तो समोर जाऊन बसला.

"याडी, फ्लॅश न्हाई मारत. दोनच फोटो."

"काहून माझ्या मागं लागलास? मी चांदण्यांचं पोतं दिसते."

"एकडाव बसून तर बघ. फिरून म्हणणार न्हाई."

आईने या वेळी पाठ फिरवली नाही, त्याच्याकडे बघत राहिली. त्याने एकदा थोरल्यातून टिपलं, एकदा धाकट्यातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून स्टुडिओत हजर झाली. पुजाने थोरल्याचा फोटो उघडला. पांढरा गोळा एकही नव्हता. कपाळावरच्या आठ्या, नाकातली फुली, ओठाच्या कोपऱ्यातलं रुसलेलं हसू, सगळं बराबर होतं. प्रेमदासला भरून आलं. धाकट्याचा फोटोही तसाच, उन्नीस-बीसचा फरक. निकाल लागला म्हणायचा. तो धाकट्याला खोक्यात घालू लागला.

"थांब रं," जमनाबाई पडद्यावर बोट टेकवून म्हणाली. "हे कांचळीत काय दिसून राहिलं?"

पुजाने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. कांचळीचे आरसे जुन्या काळचे, जरा फुगीर काचेचे. अशा आरशात समोरचं सगळं मावतं. छातीजवळच्या एका आरशात लिंबाची फांदी होती, मांडवाचा कोपरा होता आणि मधोमध एक माणूस एक गुडघा टेकून बसला होता. कॅमेरा गालाला चिकटवलेला, एक डोळा मिटलेला, जीभ दातांत धरलेली.

"अगंबाई, हे तर तुमी!" पुजा खदखदून हसली. "जीभ बघा, जीभ!"

तिने थोरल्याचा फोटो तेवढाच मोठा केला. तिथेही माणूस होता, पण बारा मेगापिक्सेलांत कोण ते ओळखू येत नव्हतं.

जमनाबाई हसली नाही. ती पडद्याजवळ वाकली.

"भावाच्या लग्नात तू, बहिणीच्या लग्नात तू," ती म्हणाली. "बाप होता तवाचे समदे फोटो तूच काढले. घरात पाच अल्बम हाईत, अन् एका बी फोटोत माझं लेकरू न्हाई. मी पाठ फिरवायची ती काय माझ्या तोंडापायी व्हय? तू न्हाईस तर मी कशाला पाहिजे?"

प्रेमदासने खोक्यातून धाकट्याला बाहेर काढलं आणि त्या जागी थोरल्याला ठेवलं. पुजाने कम्प्युटरकडे एक दीनवाणी नजर टाकली.

"याडी, तुझा फोटो मोठा करून फ्रेम करतो," तो म्हणाला.

"माझा राहू दे," जमनाबाई म्हणाली. "तेवढा आरसा मोठा करून दे."